ख्रिस्ती कादंबऱ्या वाचायच्यात? मग आधी नुसती गोष्ट वाचा

आमच्या मिरजेतल्या घरात कादंबरी हा शब्द जरा दबक्या आवाजातच बोलला जायचा. आजीचं एकच म्हणणं, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल अजून एकदा पण सलग वाचून झालेलं नाही आणि हिला गोष्टीची पुस्तकं पाहिजेत. मग काय, अंथरुणात टॉर्च घेऊन वाचायचं आणि रविवारी उपासनेला बसलं की उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं. हे अजून पण बऱ्याच जणांचं होतं, परवा चर्चच्या महिला संघात एक ताई हळूच विचारत होत्या की ख्रिस्ती असली तरी कादंबरी ती कादंबरीच ना, चालते का हो. त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितेय.

चालते. नाथान संदेष्ट्याचं आठवा, बायबलमधल्या 2 शमुवेल पुस्तकाचा 12 वा अध्याय. दावीद राजाला तोंडावर पाप सांगायची कुणाची टाप नव्हती, नाथाननं काय केलं, गोष्ट सांगितली. एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाकडं एकच मेंढी, लेकरासारखी वाढवलेली, आणि श्रीमंतानं ती उचलून पाहुण्याला कापून घातली. दावीद भडकला, त्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणाला, आणि मग नाथान म्हणतो तो मनुष्य तूच आहेस. आता यात गंमत बघा, दावीद आधी गोष्टीत पूर्ण गुंतला होता म्हणून ते लागलं. सुरुवातीलाच "राजेसाहेब, यातून आपण काय बोध घ्याल" असं विचारलं असतं तर तो सावध होऊन बसला असता. आपण नेमकी हीच चूक करतो, पहिल्या पानापासून हातात पेन्सिल घेऊन शिकवण शोधत बसतो, चाळीस पानांत कंटाळतो, आणि म्हणतो मला वाचनाची आवड नाही. तर पहिला नियम काय तर पेन्सिल बाजूला. एकदा सगळी गोष्ट मजेत वाचायची, कोण मेलं, कोण पळालं, लग्न झालं का नाही, हे सगळं अगदी हावरटासारखं. बाकीचं आपोआप येतं, कधी कधी दोन वर्षांनी येतं.

सुरुवात कशानं करायची हा खरा प्रश्न. मराठीत वाचायचं असेल तर आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती यमुनापर्यटन एका ख्रिस्ती माणसानं लिहिली, बाबा पदमनजी यांनी, 1857 साली. विषय विधवांची दशा. पण प्रामाणिकपणे सांगते, पहिलं पुस्तक म्हणून ही घेऊ नका. भाषा दीडशे वर्षांपूर्वीची आहे आणि मधे मधे गोष्ट थांबून नुसता उपदेश सुरू होतो. चार-पाच पुस्तकं वाचून दम आला की घ्या, मग त्यातल्या एकेका बाईची कहाणी वाचताना पोटात कालवतं. त्याच्या आधी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचा. कादंबरी नाही ती, आत्मचरित्र आहे हे मला माहिताय, पण कुठल्याही कादंबरीपेक्षा रंगतदार आहे, आणि त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, म्हणजे आपल्या साताऱ्याशी नातं असलेला माणूस, 1917 मधे त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ साताऱ्यातच सुरू केला होता. नवरा बाप्तिस्मा घेतो, बायको घेत नाही, मधे काही वर्षं ताटातूट, आणि हे सगळं बाई हसत हसत सांगते. विश्वासाबद्दल कुणी एवढं मोकळं लिहिलेलं मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

इंग्लिश वाचणार असाल (माझं इंग्लिश पण मराठी मीडियमचंच आहे, घाबरू नका) तर माझ्या मते पहिलं पुस्तक बेन-हर. लू वॉलेस नावाच्या अमेरिकन जनरलनं 1880 ला लिहिलेलं. मूळ पुस्तक जाडजूड आहे, आठ भाग, आणि पहिल्या भागात तीन मागी लोक, म्हणजे बाळ येशूला शोधत आलेले ज्ञानी, वाळवंटात भेटून लांबलचक बोलत बसतात, तिथंच निम्मे वाचक गळतात. तिथं गळू नका, हवं तर भरभर वाचा, फक्त त्या तिघांतला एकजण भारतातला हिंदू दाखवलाय तेवढं बघून ठेवा, मला तर फार मजा वाटली होती. पुढं गोष्टीचा नायक यहूदा बेन-हर, त्याच्या हातून छपराचं कौल खाली पडतं आणि त्याचं सगळं आयुष्यच पालटतं, तिथून पुस्तक खाली ठेववत नाही. येशू ख्रिस्त त्यात फार थोडा वेळ दिसतो. साखळदंडातल्या यहूदाला नासरेथच्या विहिरीवर एक मुलगा गुपचूप पाणी पाजतो, एक शब्द बोलत नाही, बास. एवढ्याशा पाण्यानं माझ्यावर जे काम केलं ते चर्चमधल्या अर्ध्या तासाच्या संदेशानं पण केलं नसेल (पाळकसाहेब माफ करा).

इंग्लिश वाचायची माझी पद्धत अशी. सांगली-मिरज बसमधे रोज वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, तेवढंच वाचायचं, फोनवर, अक्षर मोठं करून. जुनी पुस्तकं, म्हणजे कॉपीराइट संपलेली, फोनवर फुकट मिळतात. प्रत्येक अडलेला शब्द बघायचा नाही. एका पानावर एकच शब्द बघायची परवानगी स्वतःला द्यायची, तो पण तोच तोच पुन्हा आला तरच. नाहीतर डिक्शनरीचं वाचन होतं, कादंबरी राहते बाजूला. आणि एखादा पॅरा कळलाच नाही तर सरळ सोडून पुढं जायचं, परीक्षा थोडीच आहे.

आता गोष्टीतून आत्मिक उत्तेजन, म्हणजे विश्वासाला बळ, मिळण्याचं. हे शोधून मिळत नाही असा माझा अनुभव आहे. आई आजारी होती तेव्हा मी रात्री दवाखान्यात बसायचे, शास्त्र उघडलं तरी डोळे नुसते ओळींवरून फिरायचे, प्रार्थनेला शब्द यायचे नाहीत. त्या वेळी जॉन बन्यनची यात्रेकरूची गोष्ट परत काढली, ती पिल्ग्रिम्स प्रोग्रेस. 1678 ची, कल्हईवाल्यासारखी भांडीकुंडी दुरुस्त करणारा माणूस, परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगात, आणि ही गोष्ट त्यानं तुरुंगातच लिहायला घेतली. त्यात ख्रिस्ती आणि आशावान अशा नावांचे दोघे यात्रेकरू संशयाच्या किल्ल्यात अडकतात, निराशा नावाचा राक्षस त्यांना रोज मारतो. (मला तो किल्ला कायम अजिंक्यताऱ्यासारखाच दिसतो, लहानपणी साताऱ्याला मावशीकडं खिडकीतून दिसायचा म्हणून, आणि त्याच गोष्टीतला मोह-मायेचा बाजार म्हणजे दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली सांगलीची गणपती पेठ.) बुधवारपासून शनिवारपर्यंत मार खातात, आणि रविवार उजाडायच्या जरा आधी ख्रिस्तीच्या लक्षात येतं की अरे, माझ्या छातीशी एक किल्ली आहे. किल्लीचं नाव काय, तर वचन. इंग्लिशमधे ते नुसतं प्रॉमिस आहे, पण आपण मराठी मंडळीत शास्त्राच्या ओळीला पण वचनच म्हणतो ना, तेव्हा ते वाचताना रात्री दोन वाजता मला एकदम हसूच आलं, कारण माझ्या पर्समधे पण कधीचं स्तोत्रसंहितेचं, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांचं, बारकं पुस्तक होतं. सिस्टरनी वळून बघितलं. नंतर मी तेच काढून वाचलं आणि त्या रात्री ते कळलं.

म्हणून सांगते, कादंबरी शास्त्राच्या जागी ठेवायची नाही आणि शास्त्राशी भांडायला पण लावायची नाही. सकाळचं वाचन सकाळी, गोष्ट रात्री. आणि बायबलमधल्या माणसांवरची कादंबरी वाचत असाल, रूथ, एस्तेर, होशेय वगैरे, तर आधी मूळ पुस्तक वाचून घ्या, रूथचे चारच अध्याय आहेत, चहा होईपर्यंत होतात. नाहीतर लेखकानं पदरचं घातलेलं आपल्या डोक्यात शास्त्र म्हणून बसतं. मी स्वतः एकदा बायबल अभ्यासात बवाजाच्या, म्हणजे रूथशी लग्न करणाऱ्या माणसाच्या, स्वभावाबद्दल छातीठोकपणे काहीतरी बोलले आणि सगळ्यांनी अध्याय उलटे-सुलटे केले, कुठं सापडेना. कादंबरीतलं होतं.

दोन प्रकार जरा जपून. एक, जगाच्या शेवटच्या काळावरच्या कादंबऱ्यांच्या मालिका, थरार मस्त असतो पण तो बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाचा एका बाजूनं लावलेला अर्थ असतो, वेळापत्रक नाही. रात्री एकट्यानं वाचून झोप उडत असेल तर बंद करा, त्यात आत्मिक काही नाही. दुसरं, त्या गोड ख्रिस्ती प्रेमकथा, शेवटी प्रार्थना केली की घोड्यावरून देवभिरू शेतकरी हजर. मजेला छान, मी पण वाचते, पण लग्नाळू मुलींनी त्याच्यावरून स्थळं मोजू नयेत, आपल्याकडं द्राक्षबाग असलेला पण प्रार्थनेला वेळेवर येणारा मुलगा मिळणं किती अवघड आहे ते मला विचारा.

घरात मिळून वाचायचं असेल तर चार्ल्स शेल्डनची इन हिज स्टेप्स घ्या. अमेरिकेत टोपीका गावच्या या पाळकानं 1896 मधे रविवारच्या संध्याकाळी एकेक प्रकरण चर्चच्या मंडळीला वाचून दाखवलं, लोक पुढं काय झालं म्हणून परत यायचे, आणि मग त्याचं पुस्तक झालं. म्हणजे ती मुळात मोठ्यानं वाचायलाच लिहिलीय. आम्ही कौटुंबिक प्रार्थना झाली की एक प्रकरण करतो, मी मराठीत सांगत सांगत वाचते, वाचून झाल्यावर कुणाला "काय शिकलात" विचारायचं नाही हा आमच्याकडं कडक नियम आहे. विचारायचं एवढंच की तुला कोण आवडलं आणि कुणाचा राग आला. माझ्या पोराला त्यातल्या पेपरच्या संपादकाचा राग आला, येशूनं काय केलं असतं असा विचार करून त्यानं बॉक्सिंगची बातमी छापली नाही म्हणून, आणि त्यावरून आमचं जे भांडण रंगलं ते जेवण गार होईपर्यंत.

आणि पुस्तक आवडलं तर एकट्यानं ठेवू नका, फिरवा, पण वहीत नाव लिहून फिरवा. माझी छापील बेन-हर गेल्या नाताळात एका मावशींनी नेली, त्यांच्याकडून ती इस्लामपूरला गेली, आता कराडला आहे असं कळतंय. तुम्हाला पाहिजे असेल तर नंबर लावा, तुमच्या आधी तिघं आहेत.