माइनक्राफ्टमध्ये काचेचा घुमट कसा उभारावा

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून बांधकाम करण्याच्या व्हिडिओ गेममधील प्रत्येक ब्लॉक चौकोनी असतो आणि घुमट मात्र गोल दिसायला हवा. ही अडचण सोडवण्यासाठी काचेला हात लावण्याआधी कमानी उभ्या कराव्यात. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत आठ दालने मधल्या अष्टकोनी मनोऱ्याशी येऊन मिळतात. तीच मांडणी येथे घेतली असून आठ कमानी एका माथ्याकडे झुकतात. घुमटाचा व्यास 21 ब्लॉक आहे. विषम संख्या मुद्दाम घेतली आहे, कारण त्यामुळे मध्यभागी नेमका एक ब्लॉक येतो.

सर्व्हायव्हल प्रकारात, म्हणजे साहित्य स्वतः मिळवावे लागते अशा प्रकारात, खेळत असल्यास साहित्य आधी जमवावे. काचेचे सुमारे 700 ब्लॉक हाताशी असले की चिंता उरत नाही. एका वाळूच्या ब्लॉकपासून एक काच मिळते, एका कोळशावर आठ काचा होतात, म्हणजे कोळसा 88 लागेल. एका काचेला दहा सेकंद लागत असल्याने एकाच फर्नेसवर, म्हणजे वाळू वितळवण्याच्या भट्टीवर, विसंबल्यास जवळपास दोन तास जातील. आठ फर्नेस शेजारी शेजारी मांडल्यास हेच काम पाव तासात उरकते. सिल्क टचचे, म्हणजे ब्लॉक अखंड काढण्याची जादू असलेले, अवजार नसेल तर बसवलेली काच फोडल्यावर परत मिळत नाही, म्हणून आखणी मातीच्या ब्लॉकने करून पाहावी.

प्रथम पाया घालावा. मध्यबिंदूपासून चारही दिशांना नऊ ब्लॉक सोडून दहावा ब्लॉक ठेवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन जोडून सातची सरळ ओळ करावी. दोन ओळींमधील कोपरा 2, 1, 1, 1, 2 अशा गटांनी भरावा, आणि प्रत्येक गट आधीच्या गटाला फक्त कोपऱ्याने लागलेला असावा. वर्तुळ पूर्ण झाल्यावर 56 ब्लॉक भरतात. कमी-जास्त झाल्यास पुढे जाऊ नये.

मुख्य कमानींसाठी वेगळे मोजमाप लागत नाही, ही या पद्धतीतील सर्वांत सोयीची गोष्ट आहे. पायाचेच आकडे येथे उभे होतात. सातच्या ओळीतील मधल्या ब्लॉकवर आणखी तीन रचून चारचा खांब करावा. मग प्रत्येक वेळी एक आत आणि एक वर सरकत दोन उभे, त्यानंतर एक, एक, एक आणि शेवटी दोन आडवे ब्लॉक लावावेत. समोरासमोरच्या कमानी माथ्यावर सात आडव्या ब्लॉकनी जोडल्या जातात. कोपऱ्यांतील चार कमानी पायाच्या कोपऱ्यातील मधल्या ब्लॉकवरून उठतात व तिरप्या दिशेने आत सरकतात; त्यांचे उभे गट पायाचा ब्लॉक धरून 4, 3, 1, 1, 1 असे होतात. उंचीवर काम करण्यासाठी बांबू आणि दोऱ्यापासून बनणारी परांची वापरावी.

कमानींसाठी गडद दगड शोभतो. बेसाल्ट उत्तम, फक्त पुण्यात जो पायाखाली पसरलेला आहे, तो खेळात आणायला नेदर या पाताळासारख्या दुसऱ्या जगापर्यंत जावे लागते.

आता काच. माथ्यावर 3, 5, 7, 7, 7, 5, 3 अशा ओळींची 37 ब्लॉकची चकती बसते. कमानींचे ब्लॉक त्यातच धरलेले आहेत. याच चकतीचा वरचा अर्धा भाग चारही बाजूंच्या सपाट भिंतींवर दिसतो: खालून वर 7, 7, 5, 3. उरलेले थर खालून वर चढत, शेजारच्या दोन कमानींमध्ये पायऱ्या पाडत भरावेत. पातळ काचपट्ट्या स्वस्त पडतात, कारण सहा काचांच्या सोळा पट्ट्या होतात. पण पायऱ्यांच्या कोपऱ्यांत त्या एकमेकींना मिळत नाहीत आणि फटी राहतात, म्हणून घुमटाला पूर्ण ब्लॉकच घ्यावेत.

रंग हवा असल्यास आठ काचांची चौकट करून तिच्या मधोमध एक रंग ठेवल्यास आठ रंगीत काचा मिळतात. माझ्या मते दोनपेक्षा अधिक रंग कमानींची रेषा बुजवतात. ॲमेथिस्टपासून होणारी टिंटेड काच मात्र प्रकाश अडवते. घुमटाखाली बाग किंवा गव्हाचे वाफे करायचे असतील तर ती टाळावी. काचेवर राक्षस उपजत नाहीत, परंतु आतल्या जमिनीवर रात्री उपजू शकतात. त्यासाठी जमिनीत सी-लँटर्न हे प्रकाश देणारे ब्लॉक पुरून ठेवावेत आणि माथ्याच्या मधल्या ब्लॉकखाली एक कंदील टांगावा.