ग्रीसच्या शांत बेटांवर सावकाश एक आठवडा

ग्रीसची सहल म्हटली की सँटोरिनी आणि मिकोनोस ही नावे आधी निघतात आणि उन्हाळ्यात गर्दीही तिथेच लोटते. ज्यांना निवांत फिरायचे आहे, त्यांनी सिक्लाडीस या ग्रीक द्वीपसमूहाच्या पश्चिम भागातील सेरिफोस, सिफनोस आणि किमोलोस ही बेटे निवडावीत. या निवडीमागे सौंदर्याइतकाच बोटींचा विचार आहे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मिलोसकडे जाणाऱ्या जलमार्गावर ही बेटे ओळीने लागतात. याउलट, नकाशावर शेजारी दिसणारी दोन बेटे वेगवेगळ्या मार्गांवर असतील, तर एकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी कधीकधी पिरेअसलाच परतावे लागते. म्हणून आधी बोटींचे वेळापत्रक पाहावे आणि मगच मुक्काम ठरवावेत.

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हा काळ उत्तम. शाळकरी मुले बरोबर असतील तर मेअखेरीची सुट्टी सोयीची पडते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. अशा वेळी वेगवान बोटी आधी रद्द होतात, तर मोठ्या, संथ फेरी बोटी बऱ्याचदा चालू राहतात. घाई नसणाऱ्याने मोठीच बोट घ्यावी. तिच्या उघड्या डेकवर बसून बेटे येताना पाहता येतात. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन (युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या सामायिक) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यापर्यंत लांबवू नये.

पहिल्या दोन रात्री सेरिफोसला काढाव्यात. लिवादी बंदरात उतरल्यावर डोंगरमाथ्यावर पांढरी घरे दिसतात, ती म्हणजे बेटाचे मुख्य गाव, खोरा. वर बसने जावे आणि जुन्या पायऱ्यांच्या वाटेने चालत खाली यावे. दुसऱ्या दिवशी मेगालो लिवादीला जावे. तिथे लोहखनिजाच्या खाणींचे गंजलेले अवशेष समुद्रकाठीच उभे आहेत आणि 1916 च्या संपात मारल्या गेलेल्या खाणकामगारांचे स्मारकही आहे. समुद्रस्नानाला आलेले बहुतेक पर्यटक इकडे फिरकत नाहीत, हे त्यांचे नुकसान.

सिफनोसला तीन रात्री द्याव्यात आणि त्यांत रविवारची दुपार येईल असे पाहावे. याचे कारण रेविथादा. हरभरे, कांदा, ऑलिव्ह तेल आणि तमालपत्र मातीच्या भांड्यात घालून ते शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि रविवारी जेवणाला वाढतात. सिफनोसची कुंभारकला जुनी असल्याने भांडेही बेटावरचेच असते. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही: हरभऱ्याचे वडे, भात भरून भाजलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या, तेलात शिजवलेल्या भाज्या सहज मिळतात, मात्र भरलेल्या भाज्यांत कधी खिमाही असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे. मुक्काम अपोलोनियात केल्यास बेटावरच्या बस तिथूनच सुटतात. तटबंदीसारख्या घरांचे कास्त्रो आणि समुद्रात घुसलेल्या खडकावरचा ख्रिसोपिगीचा मठ ही दोन्ही ठिकाणे जमल्यास पायी गाठावीत. जुन्या पायवाटा नीट खुणा करून राखल्या आहेत, पण सावली फारशी नाही. त्यामुळे सकाळी लवकर निघावे आणि पाणी भरपूर घ्यावे.

सहावी रात्र किमोलोसची. प्सथी बंदरावरून गावापर्यंत चढाची पायवाट आहे आणि पाहण्यासारखे गावही एकच. पीठावर कांदा-टोमॅटो पसरून भाजलेली लादेनिया बेकरीतून घ्यावी आणि दिवस किनाऱ्यावर घालवावा. किमोलोसहून पिरेअसची थेट बोट रोज असेलच असे नाही. नसल्यास छोट्या फेरीने समोरच्या मिलोसवरील पोलोनियाला जाऊन, तिथून मुख्य बंदर अदामास गाठून बोट पकडावी.

सातवी रात्र अथेन्समध्येच ठेवावी. वाऱ्यामुळे बोट एक दिवस अडली, तरी भारताकडचे विमान चुकत नाही, आणि अडली नाही तर अक्रोपोलिससाठी एक संध्याकाळ मोकळी मिळते. पिरेअसपासून विमानतळापर्यंत आता मेट्रो थेट जाते.