कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरात नुसते पास होऊ नका, तो वापरा

दरवर्षी ॲडमिशनं झाली की कोणी ना कोणी पुतण्या-भाचा फोन करतो, दादा ते कम्युनिकेशनला काय करायचं, त्याचा पुढे काय उपयोग असतो का, की गाईड आणून पाठ केलं की झालं. खोटं कशाला बोलू, पास व्हायला गाईड पुरतं. मी पण तेच करणार होतो. चिपळूणजवळच्या गावातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, एफवायबीकॉमला मुंबई विद्यापीठाचा बिझनेस कम्युनिकेशन हा पेपर बघून पोटात गोळा आलेला, कारण मला वाटायचं हा इंग्लिशचा पेपर आहे. आज पुण्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात अकाउंट्स आणि वसुली बघतो आणि रोज जे वापरतो त्यातलं निम्मं त्या पेपरातलं आहे, अकाउंटन्सीतलं नाही. म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतो, पुढच्या पुतण्याला लिंक पाठवता येईल.

पहिलं म्हणजे डोक्यातून काढा की हा इंग्लिशचा तास आहे. आमच्या मॅडम प्रत्येक पत्र तपासताना एकच प्रश्न विचारायच्या, "हे वाचून झाल्यावर समोरचा माणूस नेमकं काय करणार?" स्पेलिंग नंतर, ग्रामर नंतर. पहिल्या टर्मला मला राग यायचा कारण मी डिक्शनरीतून शोधून शोधून जड शब्द घालायचो आणि त्या शांतपणे तोच प्रश्न विचारून वही परत द्यायच्या. पण कोर्समधून एकच गोष्ट उचलायची असेल तर हा प्रश्न उचला, खाली मी जे जे सांगतोय ते सगळं त्यातूनच आलंय.

आता थिअरी. सुरुवातीला सेंडर, मेसेज, चॅनल, रिसीव्हर, नॉइज, फीडबॅक अशी डायग्राम असते, ती सगळे पाठ करतात आणि विसरतात. ही मूळची आली टेलिफोनवाल्यांकडून, क्लॉड शॅनन म्हणून बेल लॅबमधला गणिती होता, त्याचा १९४८ चा पेपर, तारेतून संदेश जाताना खरखर किती होते वगैरे हिशोब. त्याच्या आकृतीत फीडबॅकचा बाण नव्हताच, तो नंतरच्या लोकांनी जोडला. आणि खरी गंमत त्या बाणातच आहे. आमच्याकडचंच उदाहरण सांगतो. फोनवर पार्टी म्हणते गाडी वाशीला पाठवा. मागे हॉर्न, नेटवर्कची बोंब, आमच्या नवीन पोराने लिहिलं वाशिम. वाशी नवी मुंबईत, वाशिम विदर्भात, पाचशेहून जास्त किलोमीटरचा फरक! वाचलो कशाने, तर ऑफिसात पद्धत आहे की फोन ठेवायच्या आधी ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, पिनकोडसकट. पार्टीने पिनकोड चाळीसने सुरू होतो म्हणल्यावर पोरगा चपापला कारण वाशिमचा चारनेच पण चव्वेचाळीसने आणि हा चाळीसने. तर परीक्षेत फीडबॅकवर पाच मार्काची टीप आली तर पुस्तकातली व्याख्या लिहा आणि खाली असं एक उदाहरण स्वतःच्या आयुष्यातलं टाका, तपासणाऱ्याला शंभर पेपरात तीच व्याख्या वाचून कंटाळा आलेला असतो. आणि सवय मात्र आजपासून लावा. कोणी काही सांगितलं की "म्हणजे शुक्रवारी अर्धे आणि उरलेले महिनाअखेर, बरोबर ना?" असं आपल्या शब्दात परत म्हणायचं. लिसनिंग स्किल म्हणून जे अख्खं प्रकरण आहे त्याचा रस एवढाच.

एक गोष्ट मात्र डोळे झाकून लिहू नका. बॉडी लँग्वेजच्या तासाला कोणी ना कोणी सांगणारच की बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत पण ते प्रयोग होते सुट्या सुट्या शब्दांवर, म्हणजे एखादा 'मेबी' वेगवेगळ्या टोनमध्ये ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. भावना आणि शब्द एकमेकांशी जुळत नसतील तेव्हाची ती गोष्ट. मेहराबियन स्वतः सांगून थकले की हे सगळ्या बोलण्याला लागू नाही. नाहीतर विचार करा ना, तमिळ सिनेमा सबटायटलशिवाय बघून ९३ टक्के कळला असता. वर्गात मॅडम-सरांशी वाद घालत बसू नका पण व्हायवामध्ये हे नम्रपणे सांगितलंत तर भाव वाढतो, माझा अनुभव.

बोलण्याचं. माझ्यासारख्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच आणि कोर्समध्ये सेमिनार, प्रेझेंटेशन असतं तर ते टाळू नका, तिथे फजिती झाली तर फक्त मार्क जातात, नोकरीत झाली तर बरंच काय काय जातं. मी काय केलं ते सांगतो. मोबाईलवर एक मिनिट स्वतःबद्दल बोलून रेकॉर्ड केलं आणि मग कागद-पेन घेऊन ऐकलं. एका मिनिटात ११ वेळा 'ॲक्च्युअली' आणि सुरुवातच 'मायसेल्फ' ने! लाज वाटली, ते रेकॉर्डिंग डिलीट केलं, परत केलं. टोस्टमास्टर्स म्हणून भाषणाचा सराव करणाऱ्यांचे क्लब असतात, तिथे यासाठी चक्क एक माणूस नेमतात, त्याचं काम फक्त बोलणाऱ्याचे 'अं', 'आ' मोजणं, त्याला आह काउंटर म्हणतात. तुमच्या रूमवर एका मित्राला हे काम द्या, चहाच्या बदल्यात कोणीही करतं. उपाय एकच, जिथे ॲक्च्युअली येतं तिथे गप्प बसायचं. अर्धा सेकंद. बोलणाऱ्याला तो अर्धा सेकंद अर्ध्या तासासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. आणि 'मायसेल्फ अमुक' कायमचं बंद, 'आय ॲम' म्हणा, 'माय नेम इज' म्हणा, पुढे मोकळे व्हा. आपल्या उच्चारांची लाज वाटून भरभर बोलू नका, भरभर बोलल्याने उच्चार लपत नाही, उलट जे कळलं असतं तेही कळत नाही.

स्लाईडबद्दल जास्त लिहीत नाही. स्लाईडवर परिच्छेद चिकटवून आपण पाठमोरे उभे राहून वाचायचं असेल तर त्यापेक्षा प्रिंट वाटा आणि खाली बसा.

ग्रुप डिस्कशनचा मासळीबाजार होतो हे खरंय. आमच्या वेळी 'मोबाईल शाप की वरदान' वर दोन पोरं हमरीतुमरीवर आलेली. पहिलं बोलायची घाई नको, तिसरं बोला. तोपर्यंत दोघांनी मुद्दे मांडलेले असतात, त्यातल्या एकाचं नाव घेऊन "ह्याने खर्चाचं सांगितलं, त्यात एक भर" असं सुरू केलं की तुम्ही ऐकत होतात हे मार्क देणाऱ्याला दिसतं आणि स्वतःचं वाक्य जमवायला वेळ मिळतो. गप्प बसलेल्या एखादीला "तुला काय वाटतं गं?" विचारलंत तर अजून चांगलं, पण नाटक वाटेल इतकं नको.

आता माझा आवडता भाग, पत्रं. फॉरमॅटचे मार्क फुकटचे असतात ते सोडू नका. फुल ब्लॉकमध्ये सगळं डाव्या बाजूला, तारीख पण आणि सही पण. 'डिअर सर' लिहिलं तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आडनाव घालून 'डिअर मिस्टर अमुक' लिहिलं तर 'युअर्स सिन्सिअरली', आणि त्या युअर्सच्या आर आणि एसच्या मध्ये ॲपॉस्ट्रॉफी देऊ नका हो, दर पेपरात अर्धी पोरं देतात.

सिलॅबसमध्ये कलेक्शन लेटर म्हणून प्रकार होता, उधारी वसुलीची पत्रं. पायऱ्या असतात त्याला: आधी साधी आठवण, मग काही अडचण आहे का अशी चौकशी, मग विनंती, आणि शेवटी कोर्टाची भाषा. तेव्हा वाटलं हे कोण लिहितं आजकाल. आज माझा पगार त्यावर चालतो. नोकरीला लागल्यावर पहिला मेल मी असा काही लिहिलेला (इंग्लिशमध्ये होता, इथे मराठीत सांगतो): "आदरणीय सर, आपण मजेत असाल अशी आशा. आपणास कळविण्यात येते की आपल्याकडून आमचे काही पेमेंट बऱ्याच दिवसांपासून प्रलंबित आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी ही विनंती." तीन आठवडे उत्तर नाही. मग मॅडमचा प्रश्न आठवला, हे वाचून तो माणूस काय करणार? काहीच नाही! कारण कुठलं बिल, किती रुपये, कधीचं, हे शोधायचं काम मी त्याच्याच गळ्यात घातलेलं. परत लिहिला तो असा:

"विषय: बिल नं. ४१७, रु. ३८,२००, मुदत १४ मार्चला संपली. सर, १२ फेब्रुवारीचं बिल नं. ४१७ परत जोडलं आहे, त्याची ३० दिवसांची मुदत १४ मार्चला संपली. या शुक्रवारपर्यंत एनईएफटी होईल का? बिलात काही चूक असेल तर मला या नंबरवर फोन करा."

दुसऱ्या दिवशी फोन आला, बिलावर जीएसटी नंबर चुकलेला म्हणून त्यांच्याकडे अडकलंय. म्हणजे चूक आमचीच. पण कळली तरी. सेव्हन सीज म्हणून चांगल्या लिखाणाचे जे सात गुण पाठ करता ना, क्लॅरिटी, कंप्लीटनेस, काँक्रिटनेस वगैरे, ते या दोन मेलमधल्या फरकात सगळे बसलेत, परीक्षेत पण असेच दोन नमुने शेजारी शेजारी लिहून दाखवा. आणि 'प्लीज डू द नीडफुल' लिहायचा मोह झाला की थांबून स्वतःला विचारायचं, नीडफुल म्हणजे काय? जे काय असेल ते लिहा.

शेवटचं, माहिती अधिकाराचा अर्ज. हा पण सिलॅबसमध्ये होता, ग्राहक तक्रारीच्या पत्राशेजारी, आणि याच्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही कारण महाराष्ट्रात नियमच आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस, माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही.

मी एसवायला असताना आमच्या वाडीतली पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची पायवाट, नवीन बांधली आणि पहिल्याच पावसात चिरे हलले. बाबा म्हणाले तू शिकतोयस ना, लिही काहीतरी. मी लिहिला दोन पानी अर्ज, त्यात वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल, जनतेचा पैसा, आणि शेवटी ठळक प्रश्न, 'काम निकृष्ट का झाले?' आला परत. एक तर लांबी, आणि दुसरं म्हणजे 'का' चं उत्तर द्यायला सरकारी ऑफिसवाले बांधील नाहीत, कायद्यात माहिती म्हणजे त्यांच्याकडे असलेलं रेकॉर्ड. वही घेऊन मॅडमकडे गेलो तर त्या हसल्या, म्हणाल्या, "अरे तू भांडायला गेलास की कागद मागायला? टेबलामागच्या माणसाने कुठली फाईल काढायची ते सांग त्याला." दुसरा अर्ज सत्तर-पंच्याहत्तर शब्दांचा झाला: अमुक वाडी ते अमुक मंदिर पाखाडी, अमुक आर्थिक वर्ष, या कामाचं अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि अंतिम बिल, यांच्या प्रती मिळाव्यात. बस. हाल नाहीत, जनता नाही.

सव्वीसाव्या दिवशी पत्र आलं की १८ पानं आहेत, दोन रुपये पान याप्रमाणे ३६ रुपये भरा. भरले. मोजमाप पुस्तिकेत लांबी १४० मीटर लिहिलेली होती. रविवारी मी, बाबा आणि शेजारचा गण्या पन्नास मीटरची टेप घेऊन गेलो, तिसऱ्यांदा टेप लावायची वेळच आली नाही.