घरी कीबोर्ड वाजवताय? स्पीकर वायरचाच घ्या

गाणी ऐकायला घेतलेला ब्लूटूथ स्पीकर कीबोर्डला जोडू नका. ब्लूटूथवर आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण आरतीच्या द्रुत लयीत बोट पट्टीवर पडतं आणि सूर मागाहून येतो, मग हात आपोआप अडखळतात. शिकणाऱ्या मुलाला तर वाटतं, आपलीच लय कच्ची.

घरच्या खोलीला ५ इंची वूफरचे (खालचे सूर काढणारा भाग) दोन पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आतच आवाज वाढवणारा अँप असलेले स्पीकर, पुरतात. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा सर्वांत खालचा सूर सुमारे ६५ हर्ट्झचा असतो. छोट्या डबीतून तो नुसता पुसट येतो. ८८ पट्ट्यांचा पियानो असेल तर ८ इंची बघा. गिटारचा अँप मात्र नको, तो पियानोचा आवाज रंगवून टाकतो. जोडणी कीबोर्डच्या लाइन आउटमधून, म्हणजे बाहेरच्या स्पीकरला आवाज देणाऱ्या जॅकमधून करा. ते नसेल तर हेडफोनच्या जॅकमधून, आवाज कमी ठेवून.

आपल्याकडे किनाऱ्यावर खरा शत्रू खारा वारा. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळच्या घरात जॅकच्या पिना हिरवट पडतात आणि वाजवताना खरखर सुरू होते. स्पीकर खिडकीत ठेवू नका, वाजवून झालं की कापडाने झाका, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी चालू करा. खरखर आलीच तर स्पीकर उघडण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) जॅक पुसून बघा. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.