नायलॉक नट कुठे अडला, ते बोटांना विचारा

उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात ट्रॉलीचे नटबोल्ट बदलायची घाई उडते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून मूठभर नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यानं बोल्टला घट्ट पकडणारे) आणायचे आणि थेट इम्पॅक्ट गन, म्हणजे झटके देत नट आवळणारं यंत्र, लावायची. तिथंच घोळ होतो.

आधी नट हातानं फिरवा, नायलॉनची बाजू बाहेर ठेवून. नायलॉनपर्यंत तो बोटांनी सहज जायला हवा. पुढं पाना लागायलाच हवा. नायलॉनच्या आधीच अडला तर आटे चेपलेत, मळलेत किंवा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी आहे. एम१२ (१२ मिमी जाडीच्या) बोल्टला नेहमीची पिच १.७५ मिमी, पण बारीक आट्याचे १.२५ आणि १.५ चेही मिळतात. डब्यात सगळे एकत्र पडले की नजरेला फरक कळत नाही. जबरदस्ती करू नका, पिच गेज (आट्यांचं माप दाखवणारी दातेरी पट्टी) लावा.

उलट नायलॉनमधूनही बोटांनी सरळ निघून गेला, तर नायलॉन झिजलंय. वापरलेला असेल तर भंगारात टाका. (दोन रुपये वाचवायला ट्रॉलीचा हूक कशाला पणाला लावता?) नायलॉनचे तुकडे बाहेर आले तर बोल्टच्या टोकाला धारदार कड आहे, कानस मारा.

स्टेनलेसची गोष्ट न्यारी. गनच्या वेगानं आटे तापून एकमेकांना चिकटतात आणि शेवटी बोल्ट कापावा लागतो. ग्रीस लावून हातानं, सावकाश आवळा.

आवळल्यावर बोल्टचे एक-दोन आटे नायलॉनबाहेर दिसलेच पाहिजेत. सायलेन्सरजवळ हा नट नकोच. साधारण १२० अंशांपुढं नायलॉन मऊ पडून पकड सोडतं.