देवळातली घंटा वसईची आहे का, हे कसं पाहावं

लहानपणी आजोबा मला उचलून चौलजवळच्या आमच्या देवळातली घंटा वाजवायला लावत. तिच्या कडेवर बोटांना काहीतरी उठावदार लागायचं. ती रोमन अक्षरं आहेत हे कळलं तेव्हा मी शाळेत चित्रकला शिकवत होते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चांमधल्या घंटा लढाईची लूट म्हणून देवळादेवळांत गेल्या. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, साल १७०७. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ची. भीमाशंकरलाही एक आहे. पण ज्या लहान गावांत गेल्या त्यांची नोंद गावानेच करायला हवी, आणि ती कोणालाही जमते.

आधी गुरवाला विचारा. नारळ ठेवा, गाऱ्हाणं घालायला सांगा. आमच्याकडे दुपारच्या नैवेद्यानंतर देऊळ शांत असतं, मी तीच वेळ धरते. टॉर्च, शिवणाची टेप, वही, ४बी पेन्सिल आणि पातळ ट्रेसिंग पेपर एवढंच सामान. "बाई, घंटेखाली वाकून काय बघताय?" असं गुरवदादांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्या हातात टॉर्च दिला. तेव्हापासून तेच उजेड धरतात.

टॉर्च समोरून मारू नका. कडेने, जवळजवळ घंटेला टेकवून धरा; उठावाच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उभी राहतात. क्रूस, मेरी, किंवा आय-एच-एस ही तीन अक्षरं (येशूच्या ग्रीक नावाची सुरुवात) दिसली तर घंटा चर्चची. 'आन्नो' म्हणजे साल, त्याच्या पुढचे आकडे शोधा. यू-च्या जागी व्ही कोरलेला असतो, आणि साच्यामुळे एखादं एन किंवा एस उलटंही पडलेलं असतं. ते तसंच उतरवा, सुधारू नका. मग अक्षरांवर कागद ताणून पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. आमच्या घंटेवर ऑइलपेंटचे इतके थर आहेत की सालातले '१७' तेवढेच उमटले. पेंट खरवडण्याचा मोह मी आवरला, तुम्हीही आवरा. चिंच, लिंबू, राख, पॉलिश काहीही लावायचं नाही. एका देवळात जीर्णोद्धारावेळी घंटा मशीनवर चकचकीत करून घेतलेली मी पाहिली आहे. अक्षरं होती तिथे आता हात घसरतो. तो दिवस मला अजून सलतो.

माप सोपं आहे. तोंडाचा घेर टेपने घ्या, ३.१४ने भागा, व्यास मिळतो. उंची, वर टांगायच्या कड्या, लोळा मूळचा की बदललेला, तडे, डाग सगळं लिहा. चार बाजूंनी फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून.

साल १७३९ नंतरचं निघालं तर वसईची लूट नाही. इंग्रजी कारखान्याचं किंवा जहाजाचं नाव असेल तर ती वेगळीच कथा. आणि १७३९च्या आधीचं साल म्हणजे ओतल्याचं साल, तेवढ्याने लूट सिद्ध होत नाही. म्हणून गावातल्या तीन वयस्कर माणसांना वेगवेगळं विचारा, देवस्थानचे जुने कागद पाहा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले आहेत. पोर्तुगीज बाजू पणजीच्या अभिलेखागारात. मोडी येणारा कोणी सोबत असेल तर उत्तम.

नोंद कशाला, असं लोक विचारतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपातून सुमारे १,७५,००० घंटा उतरवल्या, त्यातल्या सुमारे १,५०,००० वितळल्या. हॅम्बुर्गच्या गोदीत ज्या उरल्या, त्यांच्यावरच्या कोरीव मजकुरावरून आणि लिहून ठेवलेल्या टिपणांवरून त्या आपापल्या गावी परत जाऊ शकल्या.

गावाच्या नावासकट फोटो फेसबुकवर टाकू नका, पितळ-काशाचे चोर वाचतात. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते, हे देवस्थानच्या बैठकीत सांगून ठेवा. नोंदीची एक प्रत देवस्थानच्या पेटीत, एक पुरातत्त्व विभागाकडे.

तिसरी प्रत मी स्वतः वसईला नेली. घंटा लुटली गेली तेव्हा ज्यांच्याकडून गेली, त्यांनाही ती कुठे आहे हे कळायला हवं असं मला वाटतं. एका चर्चमधल्या फादरांनी माझा ठसा खिडकीत धरून अक्षर अक्षर वाचला. मग त्यांनी एकच विचारलं, "आवाज कसा आहे हिचा?" मी लिहिलेल्या नऊ पानांत तो नव्हता. पुढच्या सोमवारी आरतीला गुरवदादांनी टोल दिले आणि मी फोनवर रेकॉर्ड केले. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.