ग्रुपवर कोडं टाकताय? उत्तर जरा लपवा की

कोडं टाकायचं आणि खालच्याच ओळीत उत्तर, मग डोकं चालवायचं कुणी? टेलिग्रामवर असाल तर उत्तराच्या पुढं दोन आणि मागं दोन उभ्या रेघा द्या, ||असं||, म्हणजे ते झाकलं जातं आणि बोट लावल्याशिवाय दिसत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र उत्तर संध्याकाळी वेगळं टाका, पण मूळ मेसेज उजवीकडं सरकवून रिप्लायमध्येच, नाहीतर मधल्या पन्नास गुड मॉर्निंगात कशाचं उत्तर ते कळतच नाही.

सोपं पण फसवं कोडं जास्त चालतं बघा: 17 मेंढ्या, 9 सोडून सगळ्या पळाल्या, उरल्या किती? निम्मे लोक 8 म्हणून मोकळे होतात.

आणि हो, आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपात कन्नड मित्रही असतात, त्यामुळं 1 नोव्हेंबरला जोक फॉरवर्ड करताना जरा दमानं, त्या दिवशी कुणाचा कर्नाटक राज्योत्सव असतो नि कुणाचा काळा दिवस, हा मराठी भाग 1956 ला तिकडच्या राज्यात गेला तेव्हापासूनचं दुखणं आहे ते. सीमाप्रश्नावर बोला की, खुशाल बोला, फक्त मेंढ्यांच्या उत्तराखाली नको.